वडिलांचा जुना कॉम्प्युटर आणि नोकिया ६६०० : बटण दाबण्याआधी हे वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडिलांचा साखर पेठेत चादरी-टॉवेलचा छोटा कारखाना होता. ते गेल्यावर घर आवरताना पोटमाळ्यावर २००४ च्या सुमारास घेतलेला विंडोज एक्सपीचा कॉम्प्युटर, त्यांचा नोकिया ६६०० आणि खोकंभर सीडी सापडल्या. कॉम्प्युटरला वायर जोडून बघावं का, फोनची बॅटरी आता कुठे मिळेल, आणि भंगारवाला सगळं एकगठ्ठा न्यायला तयार आहे तर देऊन टाकावं का, असं तुम्ही विचारलंय. शेवटी सहज एक ओळ लिहिलीय : "फोनमध्ये बाबांचा आवाज असेल असं आई म्हणते."

मला वाटतं खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत आहे. मी सोलापुरात विंडोज ९८ च्या काळापासून कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो, पुढे मोबाईलही करू लागलो. अशा वस्तू घेऊन येणारा प्रत्येक जण आधी "चालू होईल का?" असंच विचारतो. पण तुम्हाला कॉम्प्युटर नकोय आणि फोनही नकोय, आतलं हवंय. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कधी कधी तर यंत्र चालू करायच्या खटपटीतच आतलं जातं. म्हणून आधी आतल्याची प्रत काढायची, मग ती वाचता येईल अशी सोय करायची, आणि यंत्राचं काय करायचं ते सगळ्यात शेवटी ठरवायचं.

किती हाती लागेल हे मी इथे बसून सांगू शकत नाही. पोटमाळ्यावर स्लॅब होता की पत्रा, यावर बरंच ठरतं. आपली हवा कोरडी, त्यामुळे कोकणातल्यासारखी बुरशी आणि गंज इथे कमी. पण उन्हाळ्यात पारा ४३-४४ वर जातो आणि पत्र्याखाली त्याहून वर. त्या उष्णतेचा सर्वांत जास्त फटका सीडींना बसतो, हार्डडिस्कला त्या मानाने कमी. शिवाय कॉम्प्युटर अचानक बंद पडला म्हणून वर गेला की नवीन घेतला म्हणून, हेही घरी विचारून घ्या. नवीन घेतला म्हणून ठेवला असेल तर डेटा मिळण्याची शक्यता चांगली. बंद पडला असेल तरी धीर सोडू नका; तेव्हाच्या मशीनमध्ये बहुतेक वेळा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) किंवा मदरबोर्ड जायचा, डिस्क शाबूत असायची.

सुरुवात फोनपासून करा. त्याच्या आतली मेमरी फ्लॅश प्रकारची आहे. तिच्यात माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि तो भार वर्षानुवर्षं पडून राहिल्यावर हळूहळू झिरपतो. फोनच्या बाबतीत उशीर करण्यात फायदा नाही.

६६०० ला बीएल-५सी बॅटरी लागते. ती मिळणं अजिबात अवघड नाही, कारण छोटे एफएम रेडिओ आणि ब्लूटूथ स्पीकर आजही तीच वापरतात. आत जुनी बॅटरी असेल तर ती आधी बाहेर काढा आणि काचेच्या टेबलावर आडवी ठेवून बोटाने फिरवा. गर्रकन फिरली तर तिला पोट आलंय, ती चार्ज करायची नाही. सपाट असली तरी जुनी चार्ज करण्यापेक्षा नवी आणा. नोकियानेच ऑगस्ट २००७ मध्ये ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्यांबद्दल सूचना काढली होती. डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ दरम्यान मात्सुशिताने बनवलेल्या त्या बॅटऱ्या चार्जिंगला लावल्यावर शॉर्ट होऊन तापू शकत होत्या. वडिलांनी मधे बॅटरी बदलली असेल तर ती त्यातली निघू शकते. चार्जर जाड पिनचा लागेल. बारीक पिनचा नंतरच्या मॉडेलांना आला.

बऱ्याच जुन्या नोकियांत सिम नसलं की मेनू उघडत नाही. म्हणून मोठ्या आकाराच्या ॲडॉप्टरमध्ये बसवून एखादं सिम घाला, ते चालू असायची गरज नाही. वडिलांचं जुनं सिम सापडलं तर तेच घाला, त्यावरही काही नंबर आणि मेसेज असू शकतात. फोनने सिक्युरिटी कोड मागितला तर कंपनीचा मूळ कोड १२३४५ असतो. तो चालला नाही तर वडिलांच्या सवयीचे आकडे विचार करून टाका. पाच वेळा चुकला की फोन काही वेळ कोडच घेत नाही, तेव्हा घाई नको.

इथे एक गोष्ट जीव तोडून सांगतो. फोन अडला म्हणून कुणी "सॉफ्टवेअर मारून देतो" म्हणालं तर फोन उचलून घरी या. सॉफ्टवेअर मारणं म्हणजे फोन पुसून नव्याने भरणं. फोन चालू होईल, चकाचक होईल आणि आत काहीही उरलेलं नसेल. त्याचप्रमाणे *#७३७०# हा कोड दाबायला कुणी सांगितलं तर दाबू नका, त्यानेही सगळं जातं. दुरुस्ती करणाऱ्याकडे देताना पहिलं वाक्य हेच बोला : "फोन नाही झाला तरी चालेल, पण आतलं पुसायचं नाही."

आता आवाज. ६६०० मध्ये तो तीन ठिकाणी असू शकतो. पहिलं म्हणजे रेकॉर्डर. त्यात एका वेळी साधारण एक मिनिट रेकॉर्ड व्हायचं, आणि चालू कॉलसुद्धा रेकॉर्ड करता यायचा. दुसरं, गॅलरीतले व्हिडिओ. चित्र फार तर १७६ बाय १४४ चं, धूसरच दिसणार, पण आवाज समजतो. तिसरी जागा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे व्हॉइस टॅग. त्या काळी नाव उच्चारून फोन लावायची सोय होती, पण फोनला बोललेलं समजत नव्हतं. आधी आपल्याच आवाजात ते नाव रेकॉर्ड करून कॉन्टॅक्टला जोडावं लागायचं. वडिलांनी ती सोय वापरली असेल, तर "घर", "गोडाऊन" किंवा तुमचं नाव त्यांच्या आवाजात कॉन्टॅक्टमध्येच पडून असेल. कॉन्टॅक्ट उघडून नंबरवर जा, टॅग असेल तर शेजारी छोटं चिन्ह दिसतं. ऑप्शन्समध्ये व्हॉइस टॅग, तिथे प्लेबॅक. हा आवाज ब्लूटूथने पाठवता येत नाही. शांत खोलीत दुसरा फोन जवळ धरून रेकॉर्ड करून घ्या. डिलीटचा पर्याय प्लेबॅकच्या शेजारीच असतो, तेवढं जपून.

बाकीच्या फाईली ब्लूटूथने एकेक करून ॲन्ड्रॉइड फोनवर पाठवा. आयफोनवर प्रयत्न करू नका, तो अशा फाईली घेत नाही. आवाजाच्या फाईली एएमआर आणि व्हिडिओ थ्रीजीपी प्रकारचे असतील. दोन्ही व्हीएलसी प्लेअरमध्ये वाजतात. मागचं झाकण काढल्यावर आत एमएमसी कार्ड दिसेल. ते एसडी कार्डाच्याच आकाराचं आहे आणि जुन्या कार्ड रीडरमध्ये बहुधा चालतं. लॅपटॉपमध्ये घातल्यावर "फॉरमॅट करू का?" असं विचारलं तर नाही म्हणा आणि दुसरा रीडर बघा. मेसेजसाठी नोकिया पीसी सूटने बॅकअप घेऊन तो एनबीयू एक्सप्लोरर या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडता येतो. जमत नसेल तर एकेक मेसेज उघडून दुसऱ्या फोनने स्क्रीनचा फोटो काढा. मी स्वतः बऱ्याचदा हेच सुचवतो. वेळ जातो, पण काही बिघडत नाही आणि मेसेजची तारीख-वेळही फोटोत येते.

आता कॉम्प्युटर. त्याचं बटण दाबू नका आणि वायरही जोडू नका. तुमच्या प्रश्नाचं हे सर्वांत महत्त्वाचं उत्तर आहे, म्हणून कारणंही सांगतो.

मागाच्या कारखान्यात राहिलेल्या कॅबिनेटचं झाकण उघडलं की पंख्याच्या पात्यांवर आणि प्रोसेसरच्या जाळीत सुताच्या तंतूंचा जाड थर सापडतो, त्यात तेलाचा अंश मिसळलेला. पंखा फिरत नाही, प्रोसेसर तापतो. शिवाय २००० ते २००७ च्या दरम्यानच्या पुष्कळ मदरबोर्डवर आणि एसएमपीएसमध्ये कमअस्सल कपॅसिटर बसवले गेले होते. जगभरच तो घोळ झाला होता. कपॅसिटरचं वरचं टोपण सपाट असायला हवं. ते फुगलेलं किंवा फुटून तपकिरी द्रव सुकलेला दिसला तर तो गेलाच. त्यात आपल्याकडचं त्या काळचं लोडशेडिंग. दिवसातून किती वेळा वीज जायची-यायची ते तुम्हाला आठवत असेल. असा एसएमपीएस इतक्या वर्षांनी चालू केला आणि डिस्ककडे भलताच व्होल्टेज गेला, तर इतकी वर्षं शाबूत राहिलेली डिस्क एका क्षणात जाते.

दुसरं कारण डोळ्यांना दिसत नाही. समजा मशीन चालू झालं. एक्सपी सुरू होतानाच डिस्कवर लिहायला लागतं. मागच्या वेळी नीट बंद झालेलं नसेल तर निळ्या पडद्यावर चेकडिस्क हा डिस्क तपासणारा प्रोग्रॅम आपोआप सुरू होतो आणि स्वतःच्या समजुतीने फाईली "दुरुस्त" करतो. डिस्कचा काही भाग कमजोर असेल तर जी फाईल अजून वाचता आली असती तिचे तुकडे करून वेगळ्या फोल्डरमध्ये टाकतो. एकदा तसं झालं की नाव, जागा, क्रम सगळं हरवतं.

म्हणून डिस्क बाहेर काढा. २००४ चं मशीन म्हणजे बहुधा आयडीई डिस्क असेल, रुंद पट्टीसारख्या केबलची. बारीक केबलचं सॅटा तेव्हा नुकतंच आलं होतं. मोबाईल-कॉम्प्युटरचं सामान मिळतं तिथे आयडीई ते यूएसबी कन्व्हर्टर मिळतो. घेताना सोबत पॉवर ॲडॉप्टर आहे ना ते बघा, कारण साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात आणि यूएसबीतून फक्त ५ येतात. केबल काढताना पट्टी धरून ओढू नका, टोकाचा प्लॅस्टिकचा भाग दोन्ही कडांना धरून हलवत काढा. कन्व्हर्टर बसवताना पिनांच्या रांगेत मधली एक पिन मुद्दाम नसते, ती खूण धरून सरळ बसवा. जोर लावून वाकलेली पिन सरळ करायला गेलात तर तुटते. डिस्कच्या मागचा जंपर (पिनांवर बसणारी छोटी टोपी) मास्टर लिहिलेल्या जागी ठेवा.

डिस्क सुरू झाल्यावर आधी नुसतं ऐका. एकसारखी घरघर असेल तर ठीक. टक्... टक्... असा ठोका येत असेल तर लगेच वीज काढा; आतला तबकडी वाचणारा हेड जागेवर नाहीये. अशी डिस्क पुन्हा पुन्हा लावून बघणं म्हणजे तबकडी ओरखडत राहणं. ती डिस्क धूळमुक्त खोली असलेल्या डेटा रिकव्हरी लॅबकडेच द्यावी लागते, त्यासाठी पुणे-मुंबई गाठावं लागतं आणि खर्चही बराच येतो. तेवढं मोलाचं आत आहे का, हे घरच्यांनी बसून ठरवायचं. "डिस्क उघडून बघतो" म्हणणाऱ्या कुणाच्याही हातात ती देऊ नका, मग तो माझ्या धंद्यातला का असेना.

आवाज ठीक असेल तर फाईली उचलण्याआधी अख्ख्या डिस्कची एक प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी प्रत एका फाईलमध्ये, करून घ्या. मी त्यासाठी लिनक्सवर डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम वापरतो. तो आधी सोपा भाग भराभर वाचून घेतो आणि अडलेल्या जागांकडे नंतर परत येतो. कुठपर्यंत वाचलं त्याची नोंदही ठेवतो, त्यामुळे मधेच वीज गेली तरी तिथूनच पुढे चालू करता येतं. ४० जीबीची डिस्क आजच्या पेनड्राइव्हवरही मावेल. पुढचं सगळं काम या प्रतिमेवर करायचं, मूळ डिस्क गुंडाळून ठेवायची.

आता काय काय उचलायचं? नुसतं माय डॉक्युमेंट्स घेऊन लोक समाधानी होतात आणि तिथेच अर्धं राहून जातं. डेस्कटॉपवरचं घ्या, डी ड्राइव्ह घ्या. मेलसाठी आउटलुक एक्सप्रेस वापरत असतील तर त्याच्या फाईली लपवलेल्या फोल्डरमध्ये असतात, म्हणून डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्जचा सगळा फोल्डर उचला. हिशेब टॅलीत ठेवत असतील तर त्याचा डेटा बहुधा टॅलीच्याच फोल्डरमध्ये असतो. तो टॅली ७.२ चा असेल तर आधी टॅलीच्याच नंतरच्या ईआरपी ९ मध्ये आणावा लागतो आणि मग आताच्या प्राइममध्ये, थेट उघडत नाही.

आणि विंडोजच्या फोल्डरमधला फॉन्ट्स फोल्डर. हा विसरलात तर वडिलांची मराठी पत्रं तुमच्याकडे असूनही वाचता येणार नाहीत. त्या काळी मराठी टायपिंग श्रीलिपी, आकृती, सीडॅकचं आयएसएम अशा प्रोग्रॅममध्ये व्हायचं. एक्सपीमध्ये युनिकोड (सगळीकडे सारखीच चालणारी अक्षरांची पद्धत) होतं, पण देवनागरीसाठी सीडीवरून वेगळ्या फाईली चढवाव्या लागायच्या आणि डीटीपीवाले, म्हणजे छपाईसाठी टायपिंग करणारे, तिकडे वळलेच नव्हते. जुन्या पद्धतीत फाईलमध्ये मराठी अक्षर नसतंच. श्रीलिपीत "आहे" टाइप केलेलं असेल तर आत इंग्रजीचा मोठा ए, मग छोटे एम, एच आणि ओ अशी चार अक्षरं साठवलेली असतात. फॉन्ट त्यांच्या जागी अ, काना, ह आणि मात्रा काढून दाखवतो. फॉन्ट नसला की पत्र म्हणजे इंग्रजी अक्षरं आणि टोपीसारख्या चिन्हांची खिचडी. लोक समजतात फाईल खराब झाली आणि डिलीट करतात. फाईल ठणठणीत असते. आपल्याकडे लग्नपत्रिका मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही निघायच्या, त्या फाईलींचीही हीच गत.

फॉन्ट मिळाला की आधी त्या फाईलची पीडीएफ करा, म्हणजे दिसतं तसं कायमचं पक्कं होईल. नंतर कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणा, पण तो डोळ्यांखालून घालाच. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर. ही अदलाबदल करताना जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात. मूळ फाईल आणि पीडीएफ दोन्ही ठेवा.

पानं मांडायच्या पेजमेकर प्रोग्रॅमच्या फाईली असतील तर तो प्रोग्रॅम ७.० वर, २००१ मध्ये थांबला. इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या त्या उघडतात, आणि मोफत हवं असेल तर लिब्रेऑफिसही ४.४ पासून उघडतं. मांडणी थोडी हलते, मजकूर मिळतो. कोरलड्रॉच्या फाईलीही लिब्रेऑफिसमध्ये टाकून बघा. कॅबिनेटच्या मागे प्रिंटर पोर्टला अंगठ्याएवढा एखादा ठोकळा लावलेला दिसला तर तो फेकू नका. तो श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरचा डोंगल असू शकतो आणि त्याच्याशिवाय ते सॉफ्टवेअर उघडत नाही.

तुमच्या वडिलांच्या धंद्यामुळे आणखी एक गोष्ट सांगतो, जी इतर कुणाला सांगावी लागली नसती. डी ड्राइव्हवर चादरींच्या डिझाईनच्या बीएमपी फाईली असतील. जेकार्डच्या (मागावर नक्षी विणायच्या यंत्राच्या) डिझाईनमध्ये प्रत्येक ठिपका म्हणजे ताण्याचा धागा बाण्याच्या वर की खाली, एवढीच माहिती असते, आणि रंग मोजकेच असतात. जागा वाचवायला किंवा व्हॉट्सॲपवर पाठवायला कुणी त्यांचं जेपीजी केलं, तर कडांवरचे ठिपके एकमेकांत मिसळतात आणि चार रंगांचे शेकडो रंग होतात. पडद्यावर नक्षीतला मोर तसाच दिसेल, पण त्यावरून मागाला लागणारं भोकांचं कार्ड पंच करता येणार नाही. बीएमपी आहे तशीच ठेवा, पाठवायची तर झिप करून पाठवा. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, पण एकेका कारखान्याच्या जुन्या डिझाईन अशाच पोटमाळ्यांवरून भंगारात गेल्यात, याची मला फार हळहळ वाटते. त्यातली एखादी पुन्हा मागावर चढवावी असं कुणाला वाटलं तर ती असली तरी पाहिजे.

सीडींबद्दल फार आशा ठेवू नका, पण टाकूही नका. मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल नाही. एका ड्राइव्हने नाकारली तर दुसऱ्यात घाला. जुने डीव्हीडी रायटर कधी कधी नव्या बारीक ड्राइव्हपेक्षा जास्त वाचतात. चिकटवलेलं लेबल सोलू नका, त्याच्याबरोबर वरचा चमकता थर निघतो आणि माहिती त्याच थराला लागून असते. सीडी लिहायच्या नीरो प्रोग्रॅममध्ये एकाच सीडीवर वेगवेगळ्या दिवशी भर टाकलेली असेल तर विंडोजला कधी कधी शेवटचंच सत्र दिसतं. सीडीचा अर्ध्याहून जास्त भाग लिहिलेला दिसतोय पण फाईली चारच, असं असलं तर आयसोबस्टर या प्रोग्रॅममध्ये उघडून आधीची सत्रं बघा.

म्हणजे क्रम असा : या आठवड्यात फोन, मग डिस्कची प्रतिमा, फॉन्टसह सगळ्या फाईली, सावकाश सीडी. दोन प्रती करा आणि त्यातली एक दुसऱ्या घरी ठेवा, बहिणीकडे किंवा मामाकडे.

राहिला भंगारवाला. कीबोर्ड, माऊस, कॅबिनेट द्यायला हरकत नाही, पण डोंगल सापडला तर सगळ्या पत्रांचं पीडीएफ होईपर्यंत मदरबोर्ड ठेवा. प्रिंटर पोर्ट असलेलं मशीन आता सहज मिळत नाही. जुना काचेचा मॉनिटर घरी उघडू नका, त्यात बंद केल्यावरही भारी व्होल्टेज साठून राहतो, आणि काचेत शिसं असतं. तो अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या. फोन विकून मोठी रक्कम येईल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, तो घरीच राहू दे. आणि हार्डडिस्क भंगारात अजिबात देऊ नका, प्रत निघाल्यानंतरही नाही. तिच्यावर वडिलांचे बँकेचे कागद, सह्यांचे स्कॅन आणि गिऱ्हाइकांची नावं असू शकतात. डिस्कचा आवाज कसा येतोय ते इथे लिहा, म्हणजे पुढचं सांगता येईल.